गोळ्या नको म्हणणाऱ्या पेशंटशी बोलायचं कसं

"डॉक्टर, गोळ्या नकोत, काहीतरी नॅचरल असेल तर सांगा." ओपीडीत हे वाक्य ऐकलं नाही असा डॉक्टर सापडणं अवघड. ते ऐकल्यावर आपला चेहरा काय करतो त्यावर पुढचं बरंचसं ठरतं, भुवई जरा जरी वर गेली ना तरी पेशंटला कळतं की इथे बोलण्यात अर्थ नाही. मग तो हो हो म्हणतो, प्रिस्क्रिप्शनची घडी करून खिशात टाकतो आणि घरी जाऊन जे करायचं तेच करतो, आणि आपल्याला त्यातलं काही कळत नाही.

माझं सगळं म्हणणं या एकाच गोष्टीभोवती आहे. पेशंटने आपलं ऐकावं हे नंतरचं, आधी तो काय काय घेतो ते आपल्याला माहीत पाहिजे. वाद जिंकलो आणि पेशंट लपवायला लागला तर आपण हरलोच, कारण जे माहीतच नाही त्यापासून त्याला वाचवणार कसं.

आणि लपवणं काही थोडंथोडकं नसतं. अमेरिकेत डेव्हिड आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सर्व्हे केला होता, १९९३ मध्ये तो छापून आला, त्यात साधारण तिघातल्या एकाने वर्षभरात काहीतरी पर्यायी उपचार केलेला निघाला आणि त्यातल्या ७२ टक्के लोकांनी ते डॉक्टरला सांगितलेलंच नव्हतं. आकडा जुना आहे, पण लोक न सांगण्याची जी कारणं देतात ती आजही तीच आहेत: डॉक्टरने विचारलंच नाही, डॉक्टरला काय करायचंय, डॉक्टर रागावतील. यातली पहिली दोन कारणं एका नीट प्रश्नाने संपतात, तिसऱ्यासाठी मात्र स्वभावाला थोडा लगाम घालावा लागतो.

आधी विचारायचं कसं ते

"अजून काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की उत्तर येतं "नाही". पेशंट खोटं बोलत नसतो, त्याच्या लेखी काढा म्हणजे औषध नाहीच, चूर्ण नाही, सकाळी उपाशीपोटी घेतलेला रस तर मुळीच नाही. म्हणून नावं घेऊन विचारायचं. काढा, चूर्ण, अर्क, थेंब, व्हिटॅमिनच्या गोळ्या, वजन कमी करायची पावडर, केसांसाठी काही, झोपेसाठी काही, चोळायचं तेल. आणि प्रश्नातच मोकळीक ठेवायची, म्हणजे "बरेच जण गोळीबरोबर घरचं काहीतरी घेतात, तुम्ही काय घेता?" यात "घेता का" नाही, "काय घेता" आहे, त्यामुळे समोरच्याला कबुली दिल्यासारखं वाटत नाही.

उत्तर आलं की पहिला शब्द "बरं झालं सांगितलंत" हाच. मग बाकीचं विचारा, किती घेता, कधीपासून, कुणी सांगितलं, फरक काय वाटला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे गोळीबरोबर चाललंय की गोळीऐवजी? या एका प्रश्नावर पुढची सगळी बोलणी कुठल्या दिशेने न्यायची ते ठरतं, तो कधीही सोडू नका. पुढच्या वेळी डबे-बाटल्या पिशवीत घालून घेऊन यायला सांगा, नाही जमलं तर लेबलचा फोटो मोबाईलवर चालेल, कारण नाव आठवत नाही, "हिरव्या झाकणाची बाटली" एवढंच आठवतं.

मध्ये बोलू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी पाळत नाही. बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी १९८४ मध्ये मोजलं तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदात पेशंटला तोडत होते. उलट स्वित्झर्लंडमध्ये लांगेवित्झ आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांना गप्प बसायला सांगितलं आणि घड्याळ लावलं, २००२ साली ते आलं, पेशंट सरासरी ९२ सेकंद बोलले आणि ७८ टक्के लोकांचं दोन मिनिटांत आटोपलं. म्हणजे वेळ नाही ही सबब फारशी टिकत नाही, दोन मिनिटं देऊन जे कळतं ते नंतर तीन व्हिजिट वाया घालवूनही कळत नाही.

गोळी का नको, ते त्याच्या तोंडून

इथे घाई करू नका, कारण "मला नॅचरल आवडतं" हे बहुतेक वेळा वरचं झाकण असतं. खाली काय आहे ते प्रत्येकाचं वेगळं निघतं. एकाला पूर्वी एखाद्या गोळीने खरंच त्रास झालेला असतो आणि दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. एकाने घरातल्या माणसाची तब्येत गोळ्या सुरू झाल्यावर ढासळताना पाहिलेली असते, ती आजाराने ढासळली की गोळीने हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नसतं. कुणाला "एकदा सुरू झाली की आयुष्यभर सुटत नाही" याची धास्ती, कुणाला गोळीने किडनी जाईल असं वाटतं (खरं तर न आवरलेलं बीपीच किडनीची वाट लावतं, पण ते नंतर). कुणाला परवडत नाही आणि ते सांगायची लाज वाटते. आणि कुणाला गोळी घेणं म्हणजे आपण आजारी आहोत हे मान्य करणं वाटतं, हे तर फार जणांचं असतं पण तोंडावर कुणी म्हणत नाही.

या प्रत्येकाला उत्तर वेगळं आहे. परवडत नसलेल्या माणसाला तुम्ही साईड इफेक्टची टक्केवारी सांगत बसलात तर ते पालथ्या घड्यावर पाणी.

आर्थर क्लाइनमन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७० च्या दशकात पेशंटच्या नजरेतून आजार समजून घ्यायचे काही प्रश्न मांडले, ते अजूनही सोन्यासारखे आहेत. आपल्या भाषेत असे विचारता येतात: हे तुम्हाला कशामुळे झालं असं वाटतं? या दुखण्याची सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? कसला उपचार व्हावा असं वाटतं, आणि त्यातून काय मिळावं? तिन्ही एका दिवशी नकोत, उलटतपासणी वाटेल. एक विचारा आणि गप्प राहा.

साईड इफेक्टच्या भीतीबद्दल एक अभ्यास सांगतो, बोलताना फार उपयोगी पडतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी त्रासामुळे सोडून दिलेले ६० लोक घेतले, त्यांना वर्षभरात आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं, आणि रोज त्रास किती झाला ते नोंदवायला लावलं. २०२० मध्ये निकाल आला. खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के बिनऔषधाच्या गोळीनेही झाला होता. आता हे पेशंटला कसं सांगायचं? "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं म्हणालात तर संपलं. अंग दुखलं ते दुखलंच, त्रास खरा आहे, फक्त तो गोळीतल्या औषधामुळेच आहे असं दर वेळी नसतं, हे असं म्हणा. त्या अभ्यासात लोकांना त्यांचे स्वतःचेच आकडे दाखवले, आणि सुमारे निम्म्यांनी गोळी परत सुरू केली. उपदेशाने जे झालं नसतं ते स्वतःच्या नोंदवहीने झालं. तुमच्या पेशंटलाही त्रासाची तारीखवार नोंद ठेवायला सांगा, गोळी असताना आणि (जिथे थांबवणं सुरक्षित आहे तिथे, तुम्ही ठरवून दिलेल्या दिवसांपुरती) नसताना.

नॅचरल विरुद्ध केमिकल हे भांडण घालूच नका

पेशंट म्हणाला "गोळी म्हणजे केमिकल", की आपल्याला लगेच "पाणीसुद्धा केमिकलच आहे" म्हणायची हुक्की येते. नका म्हणू. बरोबर असलं तरी उपयोगाचं नाही, समोरच्याला फक्त आपण मूर्ख ठरलो एवढंच ऐकू येतं.

त्यापेक्षा झाडांबद्दलचा आदर खरा आहे तो दाखवा, आणि तो खरा असायला भरपूर कारणं आहेत. विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये डिजिटॅलिस म्हणजे फॉक्सग्लोव्हच्या पानांवर लिहिलं, त्याच कुळातून हृदयाचं डिगॉक्सिन आलं. सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरतं हे रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये दाखवलं. सदाफुलीपासून विनक्रिस्टीन मिळालं, ते कॅन्सरमध्ये आजही वापरतात. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांनी मलेरियावरचं आर्टेमिसिनिन एका वनस्पतीतून काढलं, जुन्या चिनी ग्रंथातल्या नोंदीवरून त्यांना थंड पद्धतीने अर्क काढायची कल्पना सुचली, २०१५ चं नोबेल त्याला मिळालं. डायबेटीसच्या मेटफॉर्मिन गोळीचं मूळसुद्धा गॅलेगा नावाच्या एका झुडपात आहे.

हे सांगायचं ते आपलं ज्ञान दाखवायला नाही. हे सांगितलं की पुढचं वाक्य आपोआप जवळ येतं: झाडात ताकद आहे हे आपण दोघंही मानतो, मग ज्याच्यात गुण द्यायची ताकद आहे त्याच्यात अपाय करायची ताकदही असणार, आणि म्हणून किती घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं हे बघावंच लागतं. रेड यीस्ट राईसचं, म्हणजे लाल यीस्टने आंबवलेल्या तांदळाचं, उदाहरण इथे चपखल बसतं. स्टॅटिन नको म्हणून लोक ते घेतात, आणि त्यात मोनॅकोलिन के असतं, ते रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिन नावाचं स्टॅटिनच आहे, म्हणजे तीच गोळी, फक्त डोस बाटलीगणिक वेगळा आणि काही मालात किडनीला घातक असं सिट्रिनिनही सापडतं. हे सांगताना आवाजात "बघा पकडलं" असा सूर आला तर सगळं मुसळ केरात. हळू सांगायचं, की तुम्हाला हे चालतंय तर मोजून दिलेलं तेच द्रव्य घेऊन बघायचं का?

जिथे त्याचं बरोबर आहे तिथे मोठ्याने हो म्हणा

हा भाग आपण डॉक्टर लोक सगळ्यात कमी करतो आणि विश्वास सगळ्यात जास्त इथेच बसतो. डायबेटीस होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये छापला, तीन हजारांवर माणसं होती. आहार, व्यायाम आणि थोडं वजन उतरवणं याने डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्के कमी झालं, मेटफॉर्मिनने ३१ टक्के. म्हणजे गोळी मागे पडली. बीपीसाठी भाज्या-फळं जास्त आणि चरबी कमी असा डॅश आहार १९९७ मध्ये तपासला, ज्यांचं बीपी आधीच वाढलेलं होतं त्यांचं वरचं बीपी सरासरी ११ च्या आसपास उतरलं, हे एखाद्या गोळीच्या तोडीचं आहे. जुनाट निद्रानाशात झोपेच्या गोळीच्या आधी झोपेच्या सवयींवरची वर्तनोपचार पद्धत द्या असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच म्हटलंय. एक वर्षावरच्या मुलाच्या खोकल्यात मध, गरोदरपणाच्या मळमळीत आलं, बद्धकोष्ठाला इसबगोल, आतड्याच्या चिडचिडेपणात पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल, या सगळ्याला आधार आहे. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, बॉट्युलिझमची, म्हणजे जंतूंच्या विषबाधेची, भीती असते, हे मात्र दर वेळी सांगा.)

आणि साध्या व्हायरल सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही हे तुम्ही स्वतःहून म्हणालात, की पेशंटच्या मनात नोंद होते, हा डॉक्टर उगाच गोळ्या देत नाही. पुढे कधी तुम्ही "ही गोळी लागेलच" म्हणालात तर त्या शब्दाला वजन येतं.

ज्या जोड्या लक्षात ठेवायच्याच

सगळं पाठ होत नाही, होणारही नाही, पण काही ठळक गोष्टी डोक्यात पाहिजेत. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती, ती लिव्हरमधली औषधं पचवणारी एन्झाइम्स वाढवते आणि गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, अवयव बदलल्यावर देतात ते सायक्लोस्पोरिन, एचआयव्हीची काही औषधं यांचा असर कमी करते, डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर सेरोटोनिन सिंड्रोम (शरीरात सेरोटोनिन धोकादायक वाढणं) होऊ शकतो. ग्रेपफ्रूटचा रस उलट करतो, कोलेस्टेरॉलचं सिम्व्हास्टॅटिन आणि बीपीचं फेलोडिपिन यांसारख्या औषधांची पातळी वाढवतो. कारलं-मेथी भरपूर चालू असेल आणि वर सल्फोनिलयुरिया गटाची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर शुगर खूप उतरू शकते. लसणाच्या कॅप्सूल आणि गिंको झाडाचा अर्क, वॉरफरिन-ॲस्पिरिनबरोबर रक्तस्राव. ऑपरेशन ठरलं की हे झाडपाल्याचं सगळं साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात, आणि ते विचारायचं राहून जातं. केसांसाठीच्या बायोटिन व्हिटॅमिनने तब्येत बिघडत नाही पण रिपोर्ट बिघडतात, हार्ट ॲटॅकसाठी बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं, थायरॉईडचे आकडेही चुकतात.

लिव्हरचं वेगळं सांगतो. हळदीचा दाट अर्क मिरीच्या अर्काबरोबर, ग्रीन टीचा अर्क, अश्वगंधा, गुळवेल, या सगळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापून आल्यात. स्वयंपाकातली चिमूटभर हळद आणि कॅप्सूलमधला अर्क यांची गल्लत करू नका आणि पेशंटलाही करू देऊ नका, नाहीतर तो म्हणेल "डॉक्टर आता हळदही बंद करायला निघाले". कारण न सापडणारी कावीळ दिसली तर आधी पिशवीतल्या बाटल्या बघा. शिसं-पाऱ्याचंही तसंच, बोस्टनमध्ये विकत मिळणारी आयुर्वेदिक म्हणून विकलेली ७० उत्पादनं तपासली तेव्हा पाचातल्या एकात जड धातू निघाले होते, २००४ ची गोष्ट. पोटात कळा, अशक्तपणा, ॲनिमिया आणि जोडीला भस्म चालू असेल तर रक्तातलं शिसं बघायला हवं.

प्रत्यक्ष बोलणं कसं होतं ते जरा जवळून बघू. समजा एक काका आहेत, बीपी इतके दिवस छान होतं, गोळी तीच, आणि आज १६८/९८. पोटॅशियम ३.१, म्हणजे कमी. डोस वाढवायला हात शिवशिवतो.

"काका, गोळी बदलायच्या आधी मला तुमचा दिवस सांगा, सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जातं."

"जेवण साधंच हो. मीठ कमी केलंय तुम्ही सांगितल्यापासून."

"छान. आणि जेवणाव्यतिरिक्त? काही चघळायला, काही काढा?"

"घशाला कोरड पडते म्हणून ज्येष्ठमध असतं तोंडात. ते काय औषध नाही, नॅचरल आहे ते."

"बरं झालं सांगितलंत. रोज?"

"रोजच. दिवसभर असतंच म्हणा ना."

"घशाला बरं वाटतं त्याने, ते खरंय. पण काका, त्यात ग्लिसिरायझिन म्हणून एक द्रव्य असतं, त्याने अंगात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, बीपी चढतं. तुमचे दोन्ही रिपोर्ट तसेच दिसतायत. मला वाटतं गोळी वाढवण्याआधी हे थांबवून बघूया. पोटॅशियम परवा परत तपासू, कमीच असलं तर तेवढ्यापुरतं औषध देईन. घशाचं काय करायचं तेही आत्ताच बघतो, कोरड का पडतेय ते शोधू. चालेल?"

"म्हणजे गोळी वाढवायची नाही?"

"आज नाही. घरी रोज बीपी लिहून ठेवा, दोन आठवड्यांनी वही घेऊन या."

यात डॉक्टरने एकदाही काकांना चुकीचं ठरवलं नाही, घशाचा त्रास मनावर घेतला, आणि कारणही सांगितलं. हे तिन्ही नसतं आणि नुसतं "ज्येष्ठमध बंद करा" असतं तर काका घरी जाऊन म्हणाले असते, डॉक्टरांना यातलं काही कळत नाही.

आता जिथे तडजोड नाही तिथलं

इथे मऊ बोलायचं पण मोघम बोलायचं नाही. टाईप १ डायबेटीसचं इन्सुलिन, फिटची औषधं, स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, टीबीचा कोर्स, बरा होऊ शकणारा कॅन्सर. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात, न पसरलेल्या कॅन्सरमध्ये नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट होता, स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाचपटीहून जास्त. हे आकडे धमकी म्हणून वापरू नका, पण लपवूही नका.

वाक्य असं असू द्या: "ताई, मला हे स्पष्टच सांगायला हवं, नाही सांगितलं तर मी तुमचा डॉक्टर कसला. हा उपचार आत्ता घेतला तर बरं व्हायची चांगली शक्यता आहे, थांबलो तर ती कमी होत जाते. तुमचं जे चालू आहे त्यातलं काय बरोबर ठेवता येईल ते आपण एकेक करून बघू." सोबत चालू ठेवता येईल असं काहीतरी शोधाच, प्राणायाम असो, मसाज असो, मळमळीला आलं असो (केमो चालू असताना काय चालतं ते त्या टीमला विचारून). दोन्हीपैकी एकच निवड असं कोंडीत पकडलं की माणूस कधीकधी भलतंच निवडतो.

आणि गोळी सोडायची असेल तर अचानक सोडू नका हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, अगदी आज्ञाधारक दिसणाऱ्या पेशंटलाही. बीटा ब्लॉकर (बीपी आणि हृदयाची गोळी) एकदम बंद केली तर बीपी आणि छातीचं दुखणं उसळतं, बरेच दिवस चाललेली स्टेरॉईड एकदम बंद केली तर जीवावर बेततं, फिटची गोळी सोडली तर फिट येते. "सोडावीशी वाटली तर आधी मला फोन करा, मी रागावणार नाही, कशी सोडायची ते ठरवू" हे वाक्य प्रिस्क्रिप्शन हातात देतानाच म्हणा.

लहान मुलांचं वेगळं आहे. मोठ्या माणसाने स्वतःसाठी नाही म्हणणं हा त्याचा हक्क, पण मेंदुज्वर किंवा दम्याचा जोरदार ॲटॅक आलेल्या मुलासाठी आईवडील नाही म्हणत असतील तर तिथे वेळ दवडू नका, सीनिअरला बोलवा, मुलाच्या संरक्षणासाठी जी व्यवस्था असेल ती हलवा, आणि तरीही आईवडिलांशी बोलताना त्यांचं मुलावर प्रेम आहे हे धरूनच बोला.

ठरवून, लिहून, तारखेसकट

जिथे थोडं थांबणं चालतं तिथे पेशंटच्या मार्गाला खरी संधी द्या, नावापुरती नको. बीपी किंचित वाढलंय, बाकी काही धोका नाही, तर तीन महिने आहार, मीठ, चालणं, वजन, आणि घरी बीपीची नोंद. पण सुरू करायच्या आधीच आकडा ठरवा: "तीन महिन्यांनी सरासरी यावर राहिलं तर गोळी सुरू करू, चालेल ना?" आधी हो घेतलं की नंतर तुम्ही माघार घेतल्यासारखं होत नाही आणि त्यालाही फसवल्यासारखं वाटत नाही. एका वेळी एकच बदल करा, नवा काढा आणि नवी गोळी एकाच आठवड्यात सुरू केली तर काय लागू पडलं आणि काय बाधलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

फायदा-तोटा सांगताना टक्क्यांपेक्षा माणसं मोजा. "धोका ३० टक्के कमी होतो" याने काही कळत नाही. "तुमच्यासारख्या १०० जणांना दहा वर्षांत काय होतं, गोळी घेतली तर किती, नाही घेतली तर किती" असं सांगितलं की चित्र उभं राहतं, आणि कधीकधी ते चित्र बघून पेशंट म्हणतो एवढ्यासाठी नको, आणि ते ठीकही असतं. शेवटी "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर घरच्यांना काय सांगाल, मला एकदा सांगून बघा, मी नीट सांगितलंय का ते मला कळेल" असं म्हणा, मग चूक पेशंटच्या माथी न जाता आपल्याकडे राहते.

घरात निर्णय घेणारं माणूस वेगळं असेल तर त्याला पुढच्या वेळी बरोबर आणायला सांगा. पेशंट दुसऱ्या उपचारकाकडे जात असेल तर परवानगी घेऊन त्यांना फोन करायला लाजू नका, नक्की काय दिलंय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले की मधल्यामध्ये पेशंटची ओढाताण होत नाही.

फाईलमध्ये काढा-चूर्ण-बाटली यांची नावं गोळ्यांच्याच यादीत लिहा, किती आणि कधीपासून ते सकट, वेगळ्या कोपऱ्यात "हर्बल घेतो" एवढं नको, त्यातून रात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला काही समजत नाही. एखाद्या उत्पादनामुळे लिव्हर किंवा किडनी बिघडली असा संशय आला तर बाटली टाकू देऊ नका, बॅच नंबरसकट औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या यंत्रणेला कळवा. आणि सगळं बोलूनही पेशंट नाहीच म्हणाला, तर काय सांगितलं आणि त्याने काय ठरवलं ते लिहा, कुठली लक्षणं दिसली तर लगेच यायचं ते कागदावर लिहून हातात द्या, आणि पुढची तारीख त्याच दिवशी देऊन टाका.